मॅक्रोलाइड लिहिण्याआधी औषधांची पिशवी पाहा

नागपुरातील एका रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झालो तेव्हा घसा दुखतो म्हणणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, रोज एक, तीन दिवस, असे माझ्या हातून लिहिले जाई. घशाचे बहुतेक संसर्ग विषाणूंमुळे होतात आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या घशालाही पहिली पसंती पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनलाच असते, हे ठाऊक असूनही ओपीडीच्या रांगेपुढे ते मागे पडत असे. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर मॅक्रोलाइड, म्हणजे ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या गटातले प्रतिजैविक, योग्यच. मात्र ॲलर्जी म्हणजे अंगावर पित्त उठले होते की नुसते पोट बिघडले होते, एवढे अवश्य विचारा.

माझी सवय बदलली ती काटोलकडून आलेल्या एका आजोबांमुळे. न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिनच्या जोडीला मी त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन दिले. पाचव्या दिवशी ते भिंतीला धरत परत आले. मांड्या ठणकत होत्या आणि लघवी काळ्या चहासारखी होत होती. मुलाने प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली, तेव्हा कात्रीने कापलेल्या, अर्धेच नाव उरलेल्या पट्ट्यांत ॲटोर्वास्टॅटिन ४० हे कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन गटातले औषध निघाले. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यकृतातील सीवायपी३ए४ हे औषधांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) अडवतात, त्यामुळे हे स्टॅटिन रक्तात साचून स्नायूंना इजा करू शकते. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे सीपीके खूप वाढले होते. दोन्ही औषधे थांबवून सलाइन दिल्यावर आजोबा सावरले, पण ती पिशवी मी पहिल्याच दिवशी मागायला हवी होती. गाऊटसाठीचे कोल्चिसिन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि फिट्ससाठीचे कार्बामॅझेपिन हीही पिशवीत शोधावीत, कारण या मॅक्रोलाइडांमुळे त्यांचाही परिणाम वाढू शकतो.

ॲझिथ्रोमायसिन त्या विकराला फारसे अडवत नाही, म्हणून ते निर्धास्तपणे लिहिले जाते; परंतु ईसीजीतील क्यूटी अंतर तेही वाढवू शकते आणि त्यातून हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात; अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. आपल्याकडे मे महिन्यात हा धोका अधिक जाणवतो. उन्हाने आणि जुलाबाने पोटॅशियम उतरलेल्या रुग्णाला उलटीसाठी, क्यूटी वाढवणारेच, ऑनडॅनसेट्रॉन आधीच सुरू असते आणि वर आपण ॲझिथ्रोमायसिन जोडतो. हृदयविकार असलेल्या, ठोक्यांच्या अनियमिततेसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्या किंवा पूर्वी अचानक भोवळ येऊन पडलेल्या माणसाचा ईसीजी आधी काढावा, पोटॅशियम तपासावे आणि दुसरे औषध चालत असेल तर तेच द्यावे.

सहा आठवड्यांच्या आतील बाळाला मॅक्रोलाइड द्यावेच लागले, तर पुढे जोराच्या उलट्या झाल्यास लगेच आणा, असे आईला सांगून ठेवा, कारण जठराचे तोंड आकुंचित होण्याचा धोका या वयात वाढतो.

ॲझिथ्रोमायसिनचे अर्धायुष्य सुमारे ६८ तास आहे, म्हणजे तिसरी गोळी संपल्यावरही औषध काही दिवस शरीरात राहते. म्हणून ‘कोर्स संपला तरी छातीत धडधडले किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी या’ हे वाक्य मी आता चिठ्ठीवर मराठीत लिहितो आणि सोबत आलेल्या नातेवाइकाकडून एकदा वाचून घेतो.