तलावपाळीवर डीआर लावायला शिका

पाण्याखाली जीपीएस चालत नाही. उपग्रहाचे संदेश समुद्राच्या पाण्यात शिरतच नाहीत. मग पाणबुडीत आपण कुठे आहोत हे कळतं कसं, असं ठाण्याच्या नौपाड्यात मला पुष्कळ जण विचारतात. वेग, दिशा आणि घड्याळ, एवढ्यावर. नौदलात याला डीआर, म्हणजे डेड रेकनिंग, म्हणतात. हल्ली हा हिशेब जायरो (चुंबकाशिवाय दिशा दाखवणारं यंत्र) आणि संगणक अखंड करत असतात, तरी हातानं प्लॉट, म्हणजे कागदावर मार्गाचा आराखडा, काढता आलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. माझ्या नातीला मी तो तलावपाळीवर, म्हणजे इथल्या तलावाच्या काठावर, शिकवला.

सकाळी सहाला या, तेव्हा वाट मोकळी असते. आलेखाचा कागद, साधी पेन्सिल, घड्याळ आणि होकायंत्र घ्या. लाल पेन नको. रात्री पाणबुडीच्या कंट्रोल रूममध्ये लाल दिवे लावतात, म्हणजे पेरिस्कोपला डोळा लावणाऱ्याची नजर अंधाराला सरावलेली राहते. त्या उजेडात लाल शाईची खूण दिसतच नाही. सोबतीला एक जण हवाच. तो हात धरून नेईल आणि तुमची नजर कागदावरून हलणार नाही.

आधी आपली चाल मोजा. सरळ २०० मीटर चालायला २ मिनिटं १० सेकंद लागले तर तुमचा वेग ३ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १,८५२ मीटर). बॅटरीवर सावकाश जाणारी पाणबुडीही साधारण अशीच चालते. ३ नॉटला एका मिनिटात ९३ मीटर होतात. १ सेंटिमीटरला ५० मीटर धरले तर मिनिटाला पावणेदोन सेंटिमीटरहून थोडी जास्त रेघ. समुद्रावरची सोपी युक्ती अशी की ६ मिनिटांत जितके नॉट, त्याच्या एक दशांश सागरी मैल अंतर कापलं जातं. ५ नॉट असेल तर अर्धा मैल.

गडकरी रंगायतन नाट्यगृहापाशी पहिला ठिपका मांडा. वळण आलं की आधी वेळ लिहा, मग नवी दिशा, मग रेघ. हा क्रम मोडू नका. एका वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीत, मी वळणाची वेळ दोन मिनिटं उशिरा लिहिली होती. ४ नॉटला दोन मिनिटं म्हणजे जवळपास २५० मीटर. आमचा वरिष्ठ एक शब्द बोलला नाही, नुसतं त्या रेघेवर बोट ठेवून उभा राहिला. ते बोट मला अजून दिसतं.

तलावाच्या लोखंडी कठड्यापासून लांब चाला, नाहीतर सुई भरकटेल. पाणबुडी तर सगळीच पोलादाची, म्हणून तिथे जायरो.

आता खरा भाग. ठिपका मांडलात तरी तुम्ही नेमके तिथेच आहात असं समजू नका. पाणबुडीला प्रवाह ढकलतो, इथे गर्दीनं चाल मंदावते. कापलेल्या अंतराच्या दहाव्या हिश्शाएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ ठिपक्याभोवती काढा. ५०० मीटरनंतर १ सेंटिमीटर. पुढे ते मोठंच होत जाणार, होऊ द्या. समोर खडक असेल तर अंतर ठिपक्यापासून मोजायचं नाही, वर्तुळाच्या खडकाकडच्या कडेपासून मोजायचं. नवी मुलं इथेच चुकतात, कारण ठिपका सुबक दिसतो.

शेवटी मान वर करा, हा तुमचा पेरिस्कोप. रंगायतन आणि तलावातलं देऊळ या दोन्हींचं बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची दिशा, घ्या. निघण्यापूर्वी मोबाइलच्या नकाशावरून त्यांच्या जागा त्याच मापानं कागदावर मांडून ठेवलेल्या असाव्यात. त्या जागांवरून बेअरिंगच्या उलट दिशेनं रेघा ओढा. त्या छेदतात तिथे तुम्ही आहात. दोन रेघांमधला कोन काटकोनाजवळ असला तर उत्तम, ३० अंशांहून कमी असला तर दुसरी खूण शोधा.

नातीचा पहिला फिक्स, म्हणजे रेघा छेदल्या ती जागा, डीआरच्या ठिपक्यापासून ४० मीटरवर निघाला, पण वर्तुळाच्या आत. तिनं जुना ठिपका पुसायला रबर काढलं, मी थांबवलं. जुना प्लॉट तसाच ठेवायचा, चूक कुठल्या वळणावर शिरली ते त्यावरूनच सापडतं. तिची तिसऱ्या वळणावर शिरली होती, कबुतरांना चुकवताना.