कारवानी कुत्रा थंडीत माळावर सोडायचा की नाही, हे ठरवायचं कसं

डिसेंबर लागला की या कामात नव्यानं आलेली पोरं एकच विचारतात, "दादा, पारा किती खाली गेला की कुत्रं सोडायचं नाही?" परभणीच्या कृषी विद्यापीठातला आकडा पेपरात येतो, मोबाइलवर तर रात्रीच दिसतो, म्हणून प्रश्न सोपा वाटतो. दुसऱ्यांची कारवानी आणि पश्मी या शिकारी जातींची कुत्री धावणीला तयार करून देणं हाच माझा धंदा आहे. मी अजून शिकतोच आहे, आणि नुसत्या आकड्यावर विसंबल्याचा जो त्रास भोगला तो अजून मनातून जात नाही.

मी धावणी म्हणतो ती चिंधीमागची. दोरीला चिंधी बांधायची, ती ओढायची, कुत्रं तिच्यामागं पळतं. सशामागं किंवा काळविटामागं सोडणं डोक्यातून काढून टाका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कुत्र्यांकरवी वन्यप्राण्याचा पाठलाग करवणं शिकारीतच धरलंय, आणि तसा प्रयत्न करणंही. थंडीत भल्या पहाटे हरभऱ्याच्या रानात काळविटांचे कळप असतात, अंधुक उजेडात ते तुमच्या आधी कुत्र्याला दिसतात. नजरेवर शिकार करणारी जात आहे ही. एकदा डोळा लागला की तुमची हाक तिच्या कानात शिरत नाही. त्यामुळं अंधारात सोडायचंच नाही, मग थंडी असो वा नसो.

आता थंडीचं. कारवानीच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, केस आखूड, पोटाची कातडी तर उघडीच. पश्मीच्या कानाला, पायाला, शेपटीला लांब केस असतात, पण तेवढ्यानं छाती-पोट झाकत नाही. "आपल्या मातीतलं कुत्रं आहे, त्याला काय थंडी" असं म्हणणारी वडीलधारी माणसं गावोगाव भेटतील. त्यांचा मान ठेवा, पण या बाबतीत ऐकू नका. ही जात कोरड्या, मोकळ्या रानातली आहे, हिवाळी गारठ्यात ओल्या अंगानं उभं राहायला ती घडलेली नाही.

माझे आकडे मागाल तर सांगतो, पण ते माझेच आहेत, तुमचं कुत्रं बघून बदला. 12 अंशांच्या वर नेहमीसारखं काम. 8 ते 12 मध्ये पाय मोकळे होईपर्यंत झूल अंगावर, आणि धावणी संपली की पुन्हा झूल. 8 च्या खाली उन्हं चांगली वर येईस्तोवर थांबायचं. 5 च्या खाली त्या दिवशी पळवायचंच नाही, पट्ट्यावर चालवायचं. वर्षाच्या आतलं पिल्लू, म्हातारं कुत्रं, आजारातून उठलेलं कुत्रं यांच्यासाठी थंडी एक पायरी जास्तच धरा.

आणि आता तो सापळा. दोनदा सांगेन, कंटाळू नका.

आकडा कुत्र्याला सोडायच्या क्षणाचा असतो, मार मात्र नंतरच्या अर्ध्या तासात बसतो. माझ्या हातातल्या एका तरण्या कुत्रीला हिव भरलं त्या दिवशी पारा 14 वर होता. आभाळ भरून आलेलं, अवकाळीची भुरभुर, माळावर वारा. धावली झकास. मग आम्ही माणसं बांधावर बोलत बसलो, ती ओल्या गवतात आडवी झाली, आणि घरी नेताना पिकअपच्या उघड्या हौद्यात उभी होती. घरी उतरवली तेव्हा मागचे पाय टेकवता येईनात. थंडीनं तिला धावताना काहीच केलं नव्हतं, जे झालं ते थांबल्यावर झालं.

का होतं हे नीट समजून घ्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास. जोरात धावल्यावर ते 40 च्या पुढं चढतं, गारठ्यातसुद्धा. म्हणून कुत्रं धापा टाकतं, पाणी मागतं, गार जमिनीवर लोळतं, आणि तुम्हाला वाटतं की याला थंडी कुठं आहे, हे तर तापलंय. तिथंच फसगत होते. दहिवरानं पोट, मांड्या, पाय भिजलेले असतात. ओल सुकताना अंगातली ऊब घेऊन जाते, वारा असला तर कितीतरी वेगानं. धाप थांबली की आतून ऊब बनणं एकदम कमी होतं, बाहेर जाणं मात्र चालूच. तापलेले स्नायू गार पडून आखडतात, आणि त्याच वेळी तुम्ही त्याला मोटारसायकलवर पुढं घेऊन वाऱ्यात निघालेले असता. कोरड्या, वारा नसलेल्या 9 अंशांपेक्षा ओले, वाऱ्याचे 14 अंश वाईट. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी माझं लिहिणं कामी आलं.

म्हणून मी घरातून निघायच्या आधी धावणीचा नाही, परतीचा विचार करतो. कुत्रं पुसायला कोरडं गोणपाट आहे का? झूल कोरडी आहे का? बसायला पोतं आहे का? परतीला बंद गाडी आहे की उघडा हौदा? यातलं एक जरी "नाही" आलं तर थंडीच्या दिवशी पळवत नाही. धावणी झाली की उभं राहायचं नाही, धाप बसेपर्यंत पट्ट्यावर चालवायचं, पोट आणि मांड्यांची आतली बाजू कोरडी करायची, मग झूल. पाणी थोडं थोडं, फार गार नको. चहा नंतर प्या.

जागाही बघा. गार हवा खोलगट भागात साचते, त्यामुळं ओढ्याकाठी आणि नदीकाठच्या काळ्या रानात गारठा जास्त, वरच्या मुरमाड माळावर कमी. मोबाइलवरचा आकडा यातल्या कुठल्याच जागेचा नसतो. आणखी एक, सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते, सूर्य उगवायच्या सुमाराला असते. तांबडं फुटलं म्हणून निघालात तर नेमके सगळ्यात गार वेळेला माळावर पोचता. थोडा वेळ थांबा, गवतावर हात फिरवून बघा. हात ओला होतोय तोवर कुत्रं सोडू नका. ओलं हरभऱ्याचं रान तर टाळाच, कारण दहिवरात त्याची आंब, म्हणजे पानांवरचा आंबट रस, उतरलेली असते आणि ती पंजाच्या चिरांना, पोटाच्या कातडीला झोंबते. काढलेल्या तुरीची, पराटीची म्हणजे कपाशीची धसकटं धुक्यात दिसत नाहीत, आणि गारठ्यानं आखडलेलं कुत्रं उडी चुकवतं.

घाबरून जाऊ नका. हे कुत्रं बोलत नसलं तरी सगळं सांगतं. सकाळी झूल काढून अंगणात सोडा आणि नुसतं बघा. लघवी करून लगेच दाराशी आलं, पाठ कमानीसारखी केली, शेपूट पायात घेतली, एकेक पंजा उचलून धरू लागलं, तर त्यानं "आज नको" म्हटलंय. अंग ताणून, शेपूट हलवत फाटकाकडं गेलं तर पुढची तयारी करा. थोड्याच दिवसांत तुमची नजर बसते. माझीही बसली, आणि मला लहानपणापासून कुत्र्यांची सवय नव्हती.

पाय मोकळे केल्याशिवाय पट्टा काढायचा नाही. गार स्नायूवर एकदम जोर आला की मांडीच्या आतला किंवा खांद्याचा स्नायू फाटतो, आणि हंगाम तिथंच संपतो. आधी पाव तास चाल, मग हळू दुडकी, मग सोडणं. इथं झटपट मार्ग सांगणारे फार भेटतात. कुणी मोहरीचं तेल चोळायला सांगतं, कुणी अंडी, कुणी गरम दूध-भाकरी, आणि काही दीडशहाणे चमचाभर ब्रँडी. तेलानं स्नायू तापत नाही, चालण्यानं तापतो. दारू तर अंगातली ऊब आणखी बाहेर काढते. भरल्या पोटी पळवणं सगळ्यात घातक, कारण खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून जठराला पीळ बसू शकतो आणि त्यात काही तासांत जीव जातो. रात्री जेवू घाला, सकाळी रिकाम्या पोटी न्या, परत आल्यावर तासाभरानं खायला द्या.

गुरू निवडताना एवढंच बघा, की तो माणूस सल्ला द्यायच्या आधी कुत्र्याच्या मांडीला हात लावतो का. लातूर जिल्ह्यातलं जानवळ कारवानीसाठी ओळखलं जातं, अशा गावांत जुनी जाणती माणसं आहेत. त्यांच्याकडं जाऊन बसा, ती कुत्र्याला कशी हाताळतात ते बघा. व्हिडिओवरून शिकलेल्यांना कुत्र्याचा वेग दिसतो, अंगाचा गारवा दिसत नाही.

हिव भरलंच तर थरथर दिसेल. थरथर थांबली आणि कुत्रं सुस्त झालं तर बरं वाटतंय असं समजू नका, ती धोक्याची खूण आहे. कोरड्या गोधडीत गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली फडक्यात लपेटून छातीशी ठेवा, शेकोटीजवळ थेट नेऊ नका, आणि जनावरांच्या डॉक्टरकडं निघा. धावणीनंतर लघवी चहाच्या रंगाची दिसली तरी तसंच निघा, स्नायू फुटल्याची ती खूण असते आणि मूत्रपिंडावर येते.

मालकाला नाही म्हणणं नव्या माणसाला सगळ्यात जड जातं. तो लांबून आलेला असतो, पाहुणे घेऊन आलेला असतो, "एक चक्कर मारू द्या की" म्हणतो. मी आता रात्रीच फोन करून सांगतो, की सकाळी वारा असला तर नुसतं चालवणार, पळवणार नाही, आणि त्या दिवसाचे पैसे घेत नाही. कुणी रागावून कुत्रं दुसरीकडं नेलं तर नेऊ द्या. आणि आदल्या दिवशी थंडीत पळवलं असेल तर सकाळी पट्टा लावायच्या आधी अंगणात दहा पावलं चालू द्या, मागून बघा. मागचे पाय एकसारखे पडत नसतील तर तो दिवस विश्रांतीचा.