मायक्रोवेव्ह स्विचसाठी ट्रान्झिस्टर: या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

डिजिटल सर्किटे शिकून मायक्रोवेव्हकडे वळणाऱ्याला सर्वांत आधी हे पचवावे लागते की, येथे बंद केलेला ट्रान्झिस्टर पूर्णपणे बंद होत नाही. चॅनेलमधून वाहणारा प्रवाह थांबला तरी ड्रेन आणि सोर्स यांच्यामध्ये कपॅसिटन्स उरतोच, आणि वारंवारता वाढत जाते तसतसा सिग्नल त्यातून पलीकडे झिरपू लागतो. त्यामुळे माझ्याबरोबर कामाला लागलेल्यांना मी सिम्युलेटर उघडण्याआधी चालू स्थितीतला रेझिस्टन्स आणि बंद स्थितीतला कपॅसिटन्स या दोनच राशी घेऊन कागदावर गणित करायला लावतो.

50 ओहमच्या मार्गात एकच ट्रान्झिस्टर सिरीजमध्ये आहे, त्याचा चालू रेझिस्टन्स 2 ओहम आणि बंद कपॅसिटन्स 100 फेम्टोफॅरड आहे, असे धरा. चालू असताना सिग्नलची हानी जेमतेम 0.17 डेसिबल येते. बंद असताना मात्र 1 गिगाहर्ट्झला सुमारे 24 डेसिबल मिळणारे आयसोलेशन (म्हणजे सिग्नल किती अडवला जातो ते) 10 गिगाहर्ट्झला साडेपाच डेसिबलवर घसरते. गेटची रुंदी दुप्पट केली तर रेझिस्टन्स निम्मा होतो, पण कपॅसिटन्स दुप्पट होतो. दोहोंचा गुणाकार ढोबळमानाने 200 फेम्टोसेकंदच राहतो. तो मुख्यत्वे प्रक्रिया-तंत्रज्ञान ठरवते, आणि रुंदी बदलून आपण फक्त हानी व आयसोलेशन यांतली देवाणघेवाण करतो. यातून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे शंट ट्रान्झिस्टर, म्हणजे मार्ग बंद असताना उरलेला सिग्नल ग्राउंडकडे वळवणारा दुसरा ट्रान्झिस्टर, जोडणे. त्याने आयसोलेशन सुधारते, पण मार्ग चालू असताना त्याचाही बंद कपॅसिटन्स भार टाकतो आणि तो जुळणीच्या इंडक्टन्समध्ये सामावून घ्यावा लागतो.

गेटला बायस, म्हणजे नियंत्रणाचा व्होल्टेज, पोचवणारा रेझिस्टर हा विषय बहुतेक जण शेवटी उरकतात, आणि ते मला पटत नाही. तो काही किलोओहमचा ठेवला म्हणजे उच्च वारंवारतेला गेट जणू अधांतरी राहतो आणि ड्रेन-सोर्समधला व्होल्टेज गेटच्या दोन्ही बाजूंच्या कपॅसिटन्समध्ये विभागला जातो. रेझिस्टर लहान ठेवला तर सिग्नल बायसच्या वाटेने गळतो, आणि फार मोठा ठेवला तर स्विच मंदावतो. म्हणून स्विचिंगचा वेळ किती हवा, हे आधी ठरवावे आणि मगच रेझिस्टर निवडावा.

शक्ती जास्त असेल तर सिलिकॉन-ऑन-इन्सुलेटरमध्ये (विद्युतरोधक थरावरच्या पातळ सिलिकॉनमध्ये) अनेक ट्रान्झिस्टर एकावर एक रचून व्होल्टेज वाटून घेतात. गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाच्या ट्रान्झिस्टरचा ब्रेकडाउन व्होल्टेजच, म्हणजे तो निकामी होण्याआधी पेलू शकतो तो व्होल्टेज, मोठा असल्याने तेथे ही रचना कमी लागते.

मोजमापाबाबत मात्र मी आग्रही आहे. मोजणीची सुई (प्रोब) टेकवण्याच्या पॅडचा कपॅसिटन्स काही दहा फेम्टोफॅरड, म्हणजे लहान ट्रान्झिस्टरच्या बंद कपॅसिटन्सइतकाही असू शकतो. तो वजा करण्यासाठी त्याच वेफरवर ट्रान्झिस्टरविरहित ओपन (पॅड मोकळे सोडलेल्या) आणि शॉर्ट (पॅड ग्राउंडला जोडलेल्या) रचना लागतात. मास्क (चिपचा आराखडा वेफरवर उतरवणारा साचा) पक्का झाल्यावर त्यांच्यासाठी जागा मागता येत नाही, त्यामुळे लेआउट सुरू करताना पहिला कोपरा त्यांच्यासाठीच राखावा.