‘द ट्रेटर्स’चा किल्ला लेगोमध्ये: आधी गोल टेबल, मग भिंती

‘द ट्रेटर्स’ या टीव्हीवरच्या खेळात खेळाडूंमध्ये काही गद्दार लपलेले असतात आणि बाकीच्यांनी त्यांना ओळखून बाद करायचं असतं. त्याच्या ब्रिटिश आणि अमेरिकन आवृत्त्यांमध्ये दिसणारा किल्ला म्हणजे स्कॉटलंडच्या हायलँड्समधला, इन्व्हरनेसच्या उत्तरेला अ‍ॅलनेस गावाजवळ असलेला आर्ड्रॉस कॅसल. त्याचं आजचं रूप एकोणिसाव्या शतकातलं, ‘स्कॉटिश बॅरोनियल’ शैलीतलं. शंकूच्या टोप्या घातलेले बुरूज, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणाऱ्या त्रिकोणी भिंती आणि कोपऱ्यांतून बाहेर झुकलेले छोटे मनोरे ही या शैलीची ओळख. मॉडेलमध्ये या तीन गोष्टी नीट उतरल्या की खिडक्यांची संख्या इकडची तिकडे झाली तरी किल्ला ओळखू येतो.

बहुतेक जण दर्शनी भिंतीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. भिंत देखणी होते, पण आत गोल टेबलाला जागा उरत नाही. हा कार्यक्रम दोन जागांवर उभा आहे: सगळे एकमेकांवर संशय घेतात ते गोल टेबल आणि गद्दार रात्री गुपचूप भेटतात तो मनोरा. या दोन जागांची मापं ठरवा, बाकीचा किल्ला त्यांच्याभोवती बसवा.

गोल टेबल

लेगोचा एक स्टड (विटेवरचा गोल उंचवटा) म्हणजे ८ मिमी, विटेची उंची ९.६ मिमी, प्लेटची (पातळ विटेची) ३.२ मिमी. एक मिनीफिगर (लेगोचा छोटा माणूस) दोन्ही हातांची जागा मोजली तर जवळपास तीन स्टड जागा घेतो. ब्रिटिश आवृत्तीसारखे २२ खेळाडू बसवायचे तर खुर्च्यांच्या वर्तुळाचा परीघ ६६ स्टड, म्हणजे व्यास २१ स्टड होतो. तेवढ्या दालनात इतर कशालाच वाव राहत नाही. म्हणून १२ खेळाडू घ्या. टेबलासाठी ८×८ गोल प्लेट, खाली २×२ विटांचा खांब. टेबलाची उंची ठरवताना एक मिनीफिगर खुर्चीत बसवून बघा आणि प्लेटा कमी-जास्त करा.

आता खुर्च्या. वर्तुळावर समान अंतराने १२ जागा काढल्या तर त्या स्टडांच्या जाळीवर बसत नाहीत असं वाटतं, पण एक सोपी जुळणी आहे. टेबलाचा मध्य शून्य धरा आणि स्टडांत मोजा: चार खुर्च्या (६,०), (०,६), (−६,०), (०,−६) इथे आणि उरलेल्या आठ (५,३) व (३,५) इथे, चारही बाजूंना आरशातल्यासारख्या. ८×८ प्लेटचा मध्य चार स्टडांच्या मधोमध येतो, त्यामुळे हे सगळे बिंदूही स्टडांच्या मधोमधच पडतात. म्हणून प्रत्येक बिंदूवर २×२ची, मधोमध एकच स्टड असलेली जंपर प्लेट लावा. बारा जंपर प्लेटा एकमेकींवर चढत नाहीत. एकाच स्टडवर बसलेली खुर्ची हवी तशी फिरते, सगळ्यांची तोंडं टेबलाकडे वळवता येतात. साध्या २×२ जागेवर दाबून बसवलेल्या खुर्च्या फक्त चार दिशांना बघतात आणि टेबल गोल असूनही सभा चौकोनी दिसते. (५,३) आणि (३,५) या शेजाऱ्यांमध्ये २.८ स्टडच अंतर आहे, तिथे कोपरं घासतात. एकाचे हात थोडे वर उचला.

कापडी झगा घालायचा असेल तर डोकं काढून आधी झगा मानेवर चढवा. उंच पाठीच्या खुर्चीत झगा मागे दाबला जाऊन मिनीफिगर पुढे ढकलला जातो, म्हणून गोल टेबलाशी झगे नकोत. ते मनोऱ्यातल्या गद्दारांसाठीच ठेवा.

आराखडा

या टेबलाला आतून १६×१६ स्टडचं दालन लागतं. ४८×४८च्या बेसप्लेटवर (तळाची पाटी, बाजू ३८.४ सेमी) मांडणी अशी: डावीकडे भिंत १, गोल टेबलाचं दालन १६, मधली भिंत १, न्याहारीचं दालन १७, भिंत १. एकूण ३६. उरलेले १२ स्टड मनोऱ्याला. समोरून मागपर्यंतची लांबी समोरची भिंत धरून १७ ठेवा आणि मागची बाजू पूर्ण उघडी सोडा. बिजागरीवर उघडणारा किल्ला कागदावर छान वाटतो, पण एवढ्या वजनाला बिजागरी झुकते आणि फट दिसू लागते. पुढे ३१ स्टडचं अंगण मिळतं. अंतिम भागातली शेकोटी तिथेच.

बेसप्लेट पातळ असते, उचलताना वाकते आणि तळाच्या विटा सुटतात. खाली प्लायवूडचा तुकडा ठेवा, किंवा प्रत्येक दालन प्लेटांच्या दुहेरी थरावर वेगळं बांधून मग बेसप्लेटवर मोजक्या स्टडांनी अडकवा. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे, कारण दालनं सुटी करून खोक्यात नेता येतात.

भिंती

तळमजला ८ विटा, वरचा ७, मध्ये मजल्याच्या प्लेटचा थर. अशा १५ थरांच्या, दोन्ही दालनांच्या भिंती म्हणजे समोर ५४०, बाजूच्या दोन ४८० आणि मधली २४०, मिळून १,२६० स्टड-विटा (म्हणजे १×१ विटांच्या हिशेबात). खिडक्या-दारांचे १५ टक्के वजा करा, १,०७० उरतात. त्यासाठी १×४च्या १६०, १×२च्या १६० आणि १×१च्या ११० विटा पुरतात. दर चार १×२ विटांमागे एक दगडी नक्षीची घ्या. त्याहून जास्त घेतल्या तर भिंत खवल्यांसारखी दिसते.

न्याहारीच्या दालनात १७ स्टडची मोकळी भिंत आहे, तिथे खेळाडूंच्या तसबिरी लावा. २×२ टाइलच्या (वर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेटच्या) सहा तसबिरी आणि मध्ये एकेक स्टडची फट, हे बरोबर १७ भरतं. अशा दोन ओळी. भिंतीत त्या जागी बाजूला स्टड असलेल्या १×२ विटा घाला आणि दोन ओळींमध्ये तीन विटांचं अंतर ठेवा. खेळाडू बाद झाला की टाइलच्या कडेच्या खाचेत नख घालून ती काढायची.

त्रिकोणी भिंत आणि छत

डाव्या दालनाची दर्शनी भिंत कडेच्या दोन्ही भिंती धरून १८ स्टडची. ४५ अंशांचा स्लोप (उतरती वीट) एक स्टड आत जाताना एक वीट चढतो. भिंतीचा प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी एकेक स्टड कमी करत न्या: १८, १६, १४ असं करत २पर्यंत, नऊ थर. छत या भिंतीमागे एक वीट खाली सुरू करा, म्हणजे पायऱ्या छताच्या वर डोकावतील. प्रत्येक पायरीवर १×१ टाइल. इथे ३३ अंशांचे स्लोप वापरू नका. ते दोन स्टडमागे एकच वीट चढतात, त्यामुळे वर जाल तसं छत भिंतीपासून दूर पडत जातं. न्याहारीच्या दालनावर सपाट छत आणि कंगोरे पुरे.

कोपऱ्यातले छोटे मनोरे २×२ गोल विटांचे. त्यातला एक स्टड भिंतीच्या कोपऱ्यावर येऊ द्या, खाली उलटा घुमट, वर २×२×२ शंकू. दर तिसऱ्या थराला एक प्लेट भिंतीत घुसवून बांधा, नाहीतर शंकूला हात लागताच सगळा मनोरा हातात येतो.

गद्दारांचा मनोरा

चार स्टड रुंदीच्या पट्ट्या बिजागरी प्लेटांनी जोडून अष्टकोन करा. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर साधारण ९.७ स्टड येतं, म्हणजे जाळीला जुळत नाही. सगळ्या बाजू स्टडांवर दाबल्या तर बिजागऱ्यांवर ताण येऊन त्या तडकतात. म्हणून फक्त समोरची एक बाजू स्टडांवर पक्की करा, बाकीच्या गुळगुळीत टाइलांवर टेकू द्या. मागच्या दोन बाजू लावूच नका. आत बघता येतं आणि वर्तुळ बंद नसल्याने ताणही उरत नाही. उंची २० विटा, बिजागऱ्या तळाशी, मधे आणि वर.

बैठकीची खोली वरच्या बाजूला. बेसप्लेटपासून २×२ विटांचा १२ विटांचा खांब उभा करून त्यावर ६×६ गोल प्लेट ठेवा. ही जमीन भिंतींना जोडायची नाही. तिच्यावर झगे घातलेले तीन गद्दार, मध्ये एक कंदील.

छप्पर सुटं ठेवा: खालून ६×६ प्लेट (ही मनोऱ्याच्या आत बुचासारखी बसते), वर ८×८, मग ४×१०च्या दोन प्लेटा एकमेकींवर आडव्या-उभ्या, ८×८ गोलचे तीन थर, ६×६ गोलचे चार, ४×४×२ शंकू आणि शेवटी २×२×२ शंकू. भिंतींच्या माथ्यावर टाइल लावा म्हणजे छप्पर सहज उचलता येतं.

रंग आणि आधीची तपासणी

भिंतींना टॅन (वाळूसारखा) आणि फिकट करडा मिसळा, छताला गडद करडा. करण जोहर सूत्रसंचालक असलेल्या भारतीय आवृत्तीचा किल्ला हवा असेल तर ते चित्रीकरण जैसलमेरच्या सूर्यगढमध्ये झालं आहे. टेबल आणि आराखडा हाच ठेवा, पण शंकू आणि उतरती छतं काढून सपाट गच्ची, छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट) आणि सगळीकडे टॅन रंग वापरा.

विटा मागवण्याआधी सगळं ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या भागांच्या वेबसाइटच्या ‘स्टुडिओ’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बांधून बघा. एकमेकांत घुसणारे भाग ते दाखवतं आणि भागांची यादीही काढून देतं. ते काम भिंतींचा रंग ठरवण्याआधी करा, कारण एखादा भाग त्या रंगात कधी निघालाच नाही हे तिथेच कळतं. दिवे लावायचे असतील तर बारीक वायर स्टडांच्या मधल्या रांगेतून न्या. स्टडच्या माथ्यावरून नेली तर वरची प्लेट बसत नाही. ही वाट मजल्याच्या प्लेटा चढवण्याआधीच ठरवावी लागते.