स्विमिंग पूल साफ करणारा रोबोट पण साफ करावा लागतो

रोबोट पाण्यातून बाहेर काढला की पुढची दहा मिनिटं त्याच्यासाठी ठेवायची, एवढं एक अंगवळणी पडलं ना की निम्म्या कटकटी होतच नाहीत. बहुतेक जण काय करतात, रोबोट काढला, कोपऱ्यात ठेवला आणि फिल्टर उद्या बघू, आणि उद्यापर्यंत जाळीवरची माती वाळून घट्ट बसलेली असते. ओली असताना जी नुसत्या पाण्याने जाते तीच नंतर घासून पण निघत नाही.

तर आधी पॉवर सप्लाय बंद करून प्लग काढा, मगच रोबोटला हात लावा. केबलने हळू ओढत काठापर्यंत आणला तरी चालेल पण वर उचलताना हँडलच धरा, पाणी भरलेला रोबोट चांगलाच जड असतो आणि तो सगळा भार केबलच्या जोडावर आला की आतली वायर तुटते. काठावर जरा धरून ठेवा, खालून पाणी निथळू द्या.

मग झाकण उघडून बास्केट, म्हणजे कचरा साठतो ती फिल्टरची टोपली, काढा, पानं-कचरा उपडा करा. कचरा आतल्या बाजूने चिकटलेला असतो म्हणून पाइपचं पाणी बाहेरून आत मारायचं. प्रेशर वॉशर मात्र नको, बारीक जाळी फाटते आणि मग बारीक माती रोबोटमधून फिरून परत पूलमध्येच. सनस्क्रीनचा चिकट थर असेल तर मऊ ब्रश आणि थोडासा भांड्यांचा साबण, पण नंतर खूप धुवा, साबण राहिला तर पूलमध्ये फेस होतो. पांढरा क्षार धरला असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तासभर बुडवून ठेवा.

आता इंपेलर, म्हणजे आत पाणी खेचणारा छोटा पंखा, याकडे सहसा कोणी बघतच नाही. आमचा रोबोट एकदा भिंतीवर चढायचाच बंद झाला, अर्ध्यातून घसरायचा, मला वाटलं मोटर गेली. जाळीचं कव्हर स्क्रू काढून उघडलं तर पंख्याच्या दांड्याला केस असे घट्ट गुंडाळलेले की रिळावर दोरा गुंडाळावा तसे, आणि मध्ये एक हेअरपिन. चिमट्याने एकेक पदर सोडवला, अर्धा तास गेला, आणि पाण्यात सोडल्यावर गडी सरळ भिंतीवर! पंखा पाणी जोरात फेकतो म्हणूनच रोबोट भिंतीला चिकटून राहतो, त्यामुळे चढणं बंद झालं की आधी फिल्टर आणि इंपेलर बघा, मोटरचा विचार नंतर. महिन्यातून एकदा उघडून बघाच, प्लग काढूनच अर्थात.

ब्रश आणि रोबोट ज्यांवर चालतो ते पट्टे बोटाने चाचपून बघा, ब्रश गुळगुळीत झाले किंवा पट्टा सैल पडून घसरायला लागला की बदलायचे. स्पंजसारखे ब्रश असतील तर ते वाळल्यावर कडक होतात, वापरायच्या आधी भिजवून मऊ करा.

केबलला पीळ पडला की रोबोट एकाच कोपऱ्यात घुटमळत राहतो. पूर्ण केबल उन्हात सरळ पसरून काही तास ठेवा, ऊन लागून मऊ पडते आणि पीळ आपोआप सुटतो, मग मोठे मोठे वेटोळे करून ठेवा, रोबोटभोवती आवळून गुंडाळू नका. केबल उन्हात चालते, रोबोट नाही, त्याला सावलीतच ठेवायचं.

पॉवर सप्लाय पूलपासून निदान 3 मीटर लांब, सावलीत आणि पाणी साचणार नाही अशा जागी ठेवा. आणि रोबोट पाण्याबाहेर चालू करून बघायचा मोह टाळा, दोन मिनिटं पण नाही, त्याची मोटर पाण्यानेच गार राहते आणि सील पण कोरडं घासून खराब होतं.

शॉक क्लोरीन, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, टाकायचं असेल तेव्हा रोबोट बाहेर काढा, क्लोरीन 1 ते 3 पीपीएमवर (पाण्याच्या दहा लाख भागांत 1 ते 3 भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, 7.2 ते 7.8 मध्ये आला की मगच सोडा. एरवी पण काम झाल्यावर पूलमध्ये पडून राहू देऊ नका, रबर आणि प्लास्टिक लवकर कडक होतं. मिठाच्या पाण्याचा पूल असेल तर दर वेळी साध्या पाण्याने अंगभर धुवा.

बिनकेबलवाला असेल तर चार्जिंगची जागा फडक्याने पूर्ण कोरडी करा, मगच चार्जर लावा. दोन-तीन महिने वापरणार नसाल तर बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा, पार उतरवून ठेवली तर पुन्हा चार्ज धरेलच असं नाही.