अळंब्यांचे वर्तुळ कसे वाचावे

पावसानंतर गवतात अळंब्यांचे वर्तुळ दिसले, तर पाहणीची सुरुवात अळंब्यांपासून न करता गवतापासून करावी. अळंब्या काही दिवसांत विरून जातात. गवतावरचा पट्टा मात्र पुष्कळ काळ टिकतो आणि खरी माहिती त्यातूनच मिळते.

वर्तुळाच्या बाहेरून केंद्राकडे सावकाश चालत जावे. ठळक वर्तुळात आधी साधे गवत, मग गडद हिरवा पट्टा, त्यानंतर वाळलेला तपकिरी पट्टा, आत पुन्हा हिरवा पट्टा आणि मध्यभागी पुन्हा साधे गवत, असा क्रम लागतो. काही वर्तुळांत वाळलेला पट्टा नसतो, तर काहींत केवळ अळंब्याच दिसतात. मातीखाली एका बिंदूपासून सर्व दिशांना पसरत गेलेले कवकजाल, म्हणजे अळंबी उगवणाऱ्या बुरशीच्या (कवकाच्या) तंतूंचे जाळे, हे याचे कारण आहे. आतला भाग अन्न संपल्याने मरत जातो व जिवंत कडा बाहेर सरकते. कवकाने सेंद्रिय पदार्थ कुजवल्यामुळे मोकळा झालेला नायट्रोजन गवताला मिळतो, म्हणून ते तेथे गर्द होते. याशिवाय २०१० मध्ये जपानी संशोधकांनी अशाच वर्तुळे करणाऱ्या एका कवकातून गवताची वाढ चेतवणारे २-अझाहायपोझँथीन हे संयुग वेगळे केले.

वाळलेल्या पट्ट्यातील मातीचा लहान तुकडा खुरप्याने काढून पाहावा. त्यात पांढरे तंतू दिसतात आणि अळंबीचा वास येतो. कोरड्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकल्यास तो बहुधा न मुरता तसाच राहतो, कारण दाट कवकजालामुळे माती पाणी शोषत नाही आणि वरचे गवत तहानेने मरते. तपासणी झाल्यावर तुकडा जागेवर परत दाबून ठेवावा.

आता लोककथांकडे वळू; त्या रचणाऱ्यांची नजर चांगली होती, कारणमीमांसा तेवढी चुकली. ब्रिटनमध्ये ही पऱ्यांच्या नाचाची जागा मानली जाई आणि आत पाऊल टाकणाऱ्याला काळाचे भान राहत नाही, असे सांगितले जाई. जर्मन प्रदेशात ३० एप्रिलच्या रात्री चेटकिणी तेथे नाचतात, अशी समजूत होती. आल्प्स पर्वतातील टायरॉलमध्ये उडत्या ड्रॅगनच्या शेपटीने जमीन करपते, असे म्हणत, तर हॉलंडमध्ये सैतान तेथे आपले दुधाचे भांडे ठेवतो, असे मानत. कथा नोंदवताना ती कोणत्या खुणेवर बेतलेली आहे, हेही लिहावे: ड्रॅगनची कथा वाळलेल्या पट्ट्याची आहे, नाचाची कथा गोल आकाराची. विद्वानही फार पुढे नव्हते. अठराव्या शतकात अनेकांनी हे काम विजेचे मानले. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वॉलास्टन यांनी १८०७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे, कवक मातीतील अन्न संपवत बाहेर सरकते, हे स्पष्टीकरण मांडले.

वयाचा अंदाज घेण्यासाठी बाहेरच्या कडेवर चार ठिकाणी खुंट्या ठोकाव्यात आणि पुढच्या वर्षी त्याच ऋतूत कडा किती सरकली, ते मोजावे. त्रिज्येला या वार्षिक वाढीने भागावे. ४ मीटर त्रिज्या आणि २० सेंटीमीटर वाढ असल्यास वय सुमारे २० वर्षे येते. कोरड्या वर्षी वाढ मंदावते, त्यामुळे एकाच मोजणीवर विसंबू नये. फ्रान्समधील बेलफोर्टजवळच्या, सुमारे ६०० मीटर व्यासाच्या वर्तुळाचे वय ७०० वर्षांच्या आसपास सांगितले जाते, तेही असेच अनुमान आहे. झाडाभोवतीच्या वर्तुळाला मात्र हा हिशेब लावू नये, कारण मुळांशी जोडलेले कवक मुळांच्या विस्ताराप्रमाणे वाढते.

वर्तुळात उगवले म्हणून काहीही खाऊ नये. युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या मॅरॅस्मियस ओरिएडीस या अळंबीच्याच गवतात, मस्करीन हे विष असलेली क्लिटोसायबी रिव्ह्युलोसा ही अळंबीही वर्तुळे करते. अळंबीची छत्री, तिच्या खालच्या पातळ पापुद्र्यांची बाजू खाली करून, रात्रभर पांढऱ्या कागदावर झाकून ठेवल्यास बीजाणूंचा ठसा मिळतो. तो हिरवट आला, तर तीव्र उलट्या घडवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस असण्याची दाट शक्यता आहे. ठसा पांढरा आला म्हणून मात्र अळंबी निर्धोक ठरत नाही, कारण वरच्या दोन्ही युरोपीय जातींचा ठसा पांढराच असतो.

दोन वर्तुळे एकमेकांना भिडलेली असतील, तर संपर्काच्या जागी दोन्हींची वाढ सहसा थांबते, कारण पुढची माती दुसऱ्याने आधीच वापरलेली असते. तेथे कडा तुटलेली दिसते. अशा वेळी खुंट्या मोकळ्या बाजूलाच ठोकाव्यात.