एक्सपीवर चालणारं मशीन सांभाळताना

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कित्येक शेडमध्ये वायरकटचं (तारेने धातू कापणारं) किंवा टेस्टिंगचं मशीन अजून ठणठणीत असतं, पण ते चालवणारा पीसी विंडोज एक्सपीवर अडकलेला असतो. एक्सपीचे नियमित सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाले. मशीन बदलायला लाखो रुपये लागतात, तेव्हा पीसीच नीट सांभाळावा लागतो.

पहिलं काम डिस्कची प्रत, आणि तीही मशीन धडधाकट आहे तोवर. पीसी बंद करून डिस्क काढा, आयडीई-यूएसबी अडॅप्टरने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची रुंद पट्टीची जोडणी) दुसऱ्या संगणकाला जोडा आणि क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या मोफत प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत घ्या. नुसत्या फायली कॉपी करून भागत नाही. ड्रायव्हर, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) आणि बूट सेक्टर (पीसी सुरू करणारा डिस्कचा भाग) मागेच राहतात. डिस्क टकटक वाजत असेल तर क्लोनझिलाच्या फंदात पडू नका. डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचवणारा प्रोग्राम वापरा, कुठला भाग वाचला याची नोंद ठेवणारी मॅप फाइल ठेवा; तो आधी चांगला भाग उचलतो, खराब सेक्टरकडे नंतर वळतो.

इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्याच पीसीत बूट करून बघेपर्यंत ती प्रत धरू नका. आयडीई-साटा कन्व्हर्टर (साटा ही नव्या डिस्कची जोडणी) आणि छोटी एसएसडी चालते, पण कन्व्हर्टरवरची जंपर ही छोटी पिन-टोपी ‘मास्टर’वर हवी. सर्व्हिस पॅक नसलेल्या एक्सपीला १३७ जीबीपुढची जागा दिसत नाही, म्हणून ६४ किंवा १२० जीबीची घ्या. नव्या बोर्डवर डिस्क लावताच ०एक्स७बीची निळी स्क्रीन आली, तर बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर आणा.

दुसरं काम, नेटवर्क तोडणं. एक्सपीला फायली शेअर करण्यासाठी एसएमबीची फक्त पहिली आवृत्ती येते, आणि २०१७ मध्ये वॉनाक्राय व नॉटपेट्या हे घातक प्रोग्राम त्याच वाटेने पसरले. नॉटपेट्याने उरणजवळच्या जेएनपीटी बंदराच्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. त्यामुळे ‘आमच्याकडे कोण येतंय’ हा युक्तिवाद इथे तरी टिकत नाही. प्रोग्राम पाठवायचेच असतील तर मध्ये दोन नेटवर्क कार्डांचा लिनक्स पीसी बसवा: एका बाजूला ऑफिस, दुसऱ्या बाजूला फक्त मशीन, आणि एका बाजूची वाहतूक थेट दुसरीकडे जाऊ देणारं आयपी फॉरवर्डिंग बंद. लिनक्सवर फायली शेअर करणारा सांबा हा प्रोग्राम नवा असेल तर एक्सपीला दारातूनच परत पाठवतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ एनटी१, म्हणजे एसएमबीची जुनी पहिली आवृत्ती, करावा लागतो. ही सवलत ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर कधीच देऊ नका. पेनड्राइव्ह लागलाच तर त्या मशीनसाठी एकच, वेगळा, आणि ऑटोरन (लावताच आपोआप प्रोग्राम चालवणं) बंद.

सीरियल केबल दोन्हीकडची वीज बंद करूनच लावा-काढा. अर्थिंगमध्ये फरक असेल तर पोर्टची चिप जळते. यूएसबी-सीरियल घेताना एफटीडीआय चिपचा घ्या. स्वस्त नकली प्रोलिफिक चिप नव्या ड्रायव्हरवर ‘कोड १०’ दाखवून बंद पडते. पॅरलल पोर्टचा डोंगल (सॉफ्टवेअर चालू देणारी परवान्याची किल्ली) मात्र यूएसबी अडॅप्टरवर सहसा चालत नाही, कारण ते अडॅप्टर प्रिंटरपुरतेच असतात. म्हणून पॅरलल पोर्ट असलेला जुना बोर्ड दिसला की एक सुटा घेऊन ठेवा.

पावसाळ्याआधी बोर्डवरचा, बायोसच्या सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल बदला, पण आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. खाडीकाठच्या दमट हवेत रॅमचे कॉन्टॅक्ट काळवंडतात; ते खोडरबराने हलके घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोर्डवरचा कपॅसिटर वरून फुगलेला दिसला तर तो बदलून घ्या, बंद पडायची वाट पाहू नका.